सोमवारची निळी गोळी

पहिली उलटी कावेरीने केली. तेवढ्यावरून त्याच आठवड्यात तिच्या लग्नाची बोलणी निघाली. पोर आठवीत. चौदावं नुकतं लागलेलं.

मी तिथेच होते. शाळेच्या वऱ्हांड्यात ती खांबाला धरून वाकली आणि ओकली. ओकारीत अन्नाचा कण नव्हता. निळसर पाणी तेवढं होतं. तिच्या मागून प्रतीक्षा ओकली, मग पूजा, मग एकदम चार-पाच जणी. एक पोर ओट्यावर आडवी झाली आणि डोळे फिरवायला लागली. सातवी-आठवीच्या वर्गांत नुसती रडारड. मुख्याध्यापक, त्यांना आम्ही हेडसर म्हणतो, ते ओरडत होते, "बसा खाली, काही झालेलं नाही." आणि फरशी मी पुसत होते. फडकं मीच पिळलं. म्हणून त्या निळ्या पाण्याबद्दल मला कोणी काही शिकवू नये.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. लिहिलं की राग जरा खाली बसतो, आणि त्याला चौथीपर्यंतची शाळा पुरते. तरी कधी कोणाच्या हाती लागलंच तर समजावं म्हणून आमच्या कामातले शब्द सोपे करून सांगते.

मी गावच्या आरोग्य उपकेंद्रात अर्धवेळ स्त्री परिचर आहे. उपकेंद्राला सगळे सबसेंटर म्हणतात. दोन खोल्या, एक बाळंतपणाचा टेबल, पुढे ओटा. तिथे एक नर्स असतात. त्यांना सिस्टर म्हणायचं. त्या भोकरदनहून स्कूटीवर ये-जा करतात. मी झाडलोट करते, लसीचा बर्फाचा डबा आणते, सिस्टरबरोबर बाळंतिणींच्या घरी जाते, बाळ वजनाच्या झोळीत घालते, रडलं तर काढून आईकडे देते. अर्धवेळ हे नावातच आहे. दिवस पूर्ण जातो. गाव मला मावशी म्हणतं.

आता गोळीचं. वयात येणाऱ्या मुलींच्या अंगात रक्त कमी असतं. शिकणाऱ्या, राबणाऱ्या, आणि घरात शेवटी जेवणाऱ्या. त्यासाठी शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी देतात. ती निळी असते. लहान पोरांची गुलाबी असते. आमच्याकडे निळीचा वार सोमवार. गोळी चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिचं एकच म्हणणं असतं, पोटात काहीतरी असू द्या. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, पोटात कळा येतात, उलटी होते. म्हणून ती दुपारी खिचडी खाल्ल्यावर द्यायची. हे सिस्टरला माहीत आहे, मला माहीत आहे, हेडसरांना तर ट्रेनिंगमध्ये पडद्यावर चित्र दाखवून सांगितलेलं आहे.

आणि तो सोमवार श्रावणातला होता.

श्रावणी सोमवारी आमच्याकडे शाळा सकाळची, अर्धी. त्या दिवशी खिचडी शिजत नाही. मोठ्या मुलींचा उपास असतो. सहावीत गेली की पोरगी आईचं बघून सोमवार धरते. काही जणी चहासुद्धा घेत नाहीत. संध्याकाळी महादेवाला बेल वाहून मग सोडायचा. त्यातून मिरचीचा तोडा चालू होता. आमच्या भागात, धावडा गावाकडे तर सगळीकडेच, मिरचीला माणूस मिळत नाही तेव्हा रविवारी पोरीच रानात असतात. आदल्या दिवशी दिवसभर मिरची तोडलेली, हातांची आग आग, सकाळी पोटात काही नाही, अशा त्या वर्गात बसलेल्या.

आदल्या सोमवारी गोळ्या आल्याच नव्हत्या. या सोमवारी सकाळी त्या मी सबसेंटरमधून शाळेत नेऊन दिल्या. हेडसरांना तालुक्याहून फोन आलेला होता. काम मागे पडलंय, भरून काढा. त्यांनी वर्गात सांगितलं, "दोन-दोन घ्या. मागच्या सोमवारची एक, आजची एक. विषय संपला."

मी पाण्याची कळशी घेऊन दारात होते. म्हणाले, "सर, खाऊन द्यायची असती ना. पोरी उपाशी हायेत."

"मावशी, ट्रेनिंग माझं झालंय. तुम्ही पाणी वाटा."

पहिल्या बाकावर प्रतीक्षा होती. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. तिचे वडील शाळेच्या समितीचे अध्यक्ष. ती धीट आहे. तिने उभं राहून विचारलं, "सर, गोळीनं उपास मोडतो का?"

हेडसर हसले. "गोळी म्हणजे काय भाकर आहे का? घ्या पाण्यासोबत. महादेवाला मी सांगतो."

पोरी खिदळल्या आणि दोन-दोन गोळ्या गिळल्या. कावेरीने पण गिळल्या. ती हसली नव्हती. ती फारशी हसत नाही. तिची आई मंगल नवऱ्याकडे नांदली नाही. पोरीला कडेवर घेऊन भावाकडे आली, मागच्या खोलीत राहते आणि दुसऱ्यांच्या रानात कामाला जाते. शाळेतल्या पोरांना तपासायला डॉक्टरांची गाडी येते, त्या डॉक्टरांनी त्या वर्षी कावेरीचं रक्त सगळ्या शाळेत सगळ्यात कमी सांगितलं होतं. पापणी खाली ओढली तर आत पांढरं. म्हणजे ती गोळी खरी कोणासाठी होती, तर तिच्यासाठी.

शाळा सुटायच्या बेताला उलट्या सुरू झाल्या.

सिस्टर शेजारच्या वाडीवर होत्या. फोन केला तशा धावत आल्या. पोरींना सावलीत आडवं केलं, साखर-मिठाचं पाणी दिलं, लिंबू पिळून दिलं. मी एकेकीचं डोकं धरून बसले. हसनाबादहून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची का, असं चाललं होतं, पण दुपारपर्यंत सगळ्या उठून बसल्या. आठवीतली नाजमीन तेवढी ठणठणीत होती. पोरींना वारा घालत होती. मला म्हणाली, "मावशी, मी बी दोन खाल्ल्या. मला काहीच झालं न्हाई."

"तू काय खाऊन आल्ती?"

"अम्मीनं रोटी दिल्ती, अंडा बी. आमचा कुठं सोमवार ऱ्हातो?"

हे तिने सिस्टरसमोर सांगितलं. हेडसरही तिथेच उभे होते. म्हणजे शोध लावायचं काही बाकी नव्हतं. कारण सगळ्यांच्या समोर पडलेलं होतं. एका लेकराने ते उचलून दाखवलंही होतं.

तोवर गाव गोळा झालं. अध्यक्ष आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. धोतर-टोपी नाही, पांढरी पँट, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. आल्या आल्या गरजले, "टाकीत काय पडलं का? पाल पडली का पाण्यात? सर, पोरींना काय झालं आस्तं तर तुम्हाला गावात ठिवलं नस्तं आम्ही."

हेडसरांचा चेहरा उतरला. गोळ्यांचं नाव घेतलं तर दोन का दिल्या, उपाशी का दिल्या, सगळं निघालं असतं. ते आबांना गेटजवळ बाजूला घेऊन गेले. मी बादली ओतायला तिथेच होते. परिचर बाई बादली घेऊन उभी असली की माणसं तिच्यासमोर काहीही बोलतात. ती त्यांना दिसत नाही.

"आबा, पाण्याचं काही नाही. ह्याला मास हिस्टेरिया म्हणतात. एकीला उलटी झाली की बघून बघून बाकीच्यांना होते. घाबरतात मुली."

"मंग पहिली कोन?"

"कावेरी. तिचं आधीपासूनच काहीतरी असणार."

"काहीतरी म्हंजे?"

हेडसरांनी खांदे उडवले फक्त. सिस्टर जवळच बीपीचं मशीन आवरत होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांनी मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिल्या.

त्या खांद्यांचा मला अजून राग येतो. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. खांद्याला काय उत्तर देणार?

आबांच्या मागे दोन बाया उभ्या होत्या, त्यांनीही ते खांदे बघितले. दिवेलागणीला मी गिरणीवर गेले तर पिठाच्या धुरळ्यात एक जण जवळ सरकली. "मावशी, खरं हाये का ओ? मंगलच्या पोरीला दिवस गेले म्हणं?"

"कोन म्हणलं?"

"सगळेच म्हणून राह्यले. पहिली उलटी तिलाच झाल्ती ना."

"तुझ्या पूजाला बी झाल्ती की."

"तिनं हिचं बघून केली. सरच म्हणले तसं."

माझं दळण व्हायचं होतं. तसंच डोक्यावर घेऊन घरी आले. त्या रात्री आम्ही कण्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मंगल माझ्या दारात आली. बसली नाही. चौकटीला धरून उभी राहिली. तिची पण बोटं मिरचीने लाल झालेली. म्हणाली, "भाऊ म्हणतो, बदनापूरकडचं एक स्थळ हाये. पोरगा मोठा हाये जरा, पर चालंल. म्हणतो, पोट दिसायच्या आत उरकून टाकू. पोट कुठंय ओ मावशी? माझ्या पोरीचं पोट पाठीला लागलंय!"

मी म्हटलं, "तू काय म्हणली?"

"मी काय म्हणनार? त्याच्या घरात ऱ्हाते. कावेरी मला म्हणती, आई, मी काय केलं? मला दोन गोळ्या दिल्त्या, मी दोन खाल्ल्या." मग ती रडली नाही, चिडली. "त्या मास्तरला जाऊन विचारावं वाटतं. पर मी विचारलं तर म्हणतेन, बघा, आई बी तशीच."

ती बरोबर बोलत होती. तिने विचारलं असतं तर हेच म्हटलं असतं.

पुढचा दिवस सबसेंटरला लसीकरणाचा. सकाळपासून बाया बाळं घेऊन ओट्यावर बसलेल्या. लसीचा डबा आलेला. आत सिस्टर सुया लावत होत्या, मी बाळांचे पाय धरत होते. तेवढ्यात दारात आबा, हेडसर आणि कावेरीचा मामा अंबादास. मामाच्या मागे कावेरी. शाळेचाच ड्रेस. मान इतकी खाली की वेणीचा भांग तेवढा दिसत होता.

आबा म्हणाले, "सिस्टर, हिची टेस्ट करून टाका. गावात लई बोंबाबोंब हाये. एकदाचं काय ते खरं-खोटं होऊ द्या."

टेस्ट म्हणजे लघवीची. आमच्याकडे त्याची पट्टी असते. नव्या सुना येतात, महिना चुकला की आम्ही करून देतो. थेंब टाकायचे, रेघा बघायच्या. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे दिवस राहिलेत. सून येते तेव्हा सासू हसत असते. म्हणून ओट्यावरच्या सगळ्या बायांना ती पट्टी माहीत होती. टेस्ट हा शब्द ऐकल्याबरोबर सगळ्या माना दाराकडे वळल्या.

सिस्टर वाईट नाहीत, हे मी लिहून ठेवते. त्यांनी तीन बाळंतपणं माझ्यासमोर पाऊस-चिखलात केली आहेत. त्या मला हळूच म्हणाल्या, "मावशी, करून टाकू. निगेटिव्हच येणार आहे. लोकांची तोंडं बंद होतील. किट आणा आतून आणि तिला बाथरूमला घेऊन जा."

त्यांना वाटत होतं हे पोरीच्या भल्याचं आहे. पण गावात राहते मी. त्या संध्याकाळी स्कूटीवर बसून जातात. कावेरीची टेस्ट केली, एवढंच गावभर गेलं असतं. रेघ किती आली ते कोणी विचारलं नसतं. विचारलं असतं तर, सिस्टरने दाबलं, असं म्हणाले असते. ती पोर आयुष्यभर टेस्ट केलेली पोर राहिली असती. आणि मामाला तेवढंच पाहिजे होतं.

मी जागची हलले नाही.

"मावशी?"

माझ्या हातात कोणाचं तरी बाळ होतं. मी ते त्याच्या आईकडे दिलं. आबांसमोर मी आजपर्यंत पदर कपाळावर ओढल्याशिवाय गेले नाही. या गावची सून आहे मी. आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

"आणते. किती आणू?"

सिस्टर म्हणाल्या, "किती म्हणजे? एक."

"परवा उलट्या तर वर्गभर झाल्त्या. पूजाला झाल्ती, प्रतीक्षाला झाल्ती. सगळ्यांनाच बोलवा. ओळीनं करू. प्रतीक्षाचं घर जवळ हाये, तिला आधी आणते."

आबांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तसे ते ताडकन पुढे आले. "ए बाई! माझ्या पोरीचं नाव घेती? लाज वाटती का?"

"आबा, मी नुसतं नाव घेतलं तर तुम्हाला एवढं लागलं. हिला तर तुम्ही गावासमोर धरून आणलं."

"तिची गोष्ट येगळी!"

"काय येगळी हाये?"

मामा जमिनीकडे बघायला लागला. हेडसरांनी मध्ये तोंड घातलं. घाई त्यांना होती. "मावशी, उगाच वाढवू नका. प्रतीक्षाला साधी अ‍ॅसिडिटी झाली होती. उपास होता तिचा, पोट रिकामं होतं, त्यामुळे."

ओट्यावर आबांची पुतणसून बसली होती. ज्योती. पहिलं बाळ, पहिली लस. पदर डोळ्यांपर्यंत. घरात सासऱ्यांसमोर ती पाणी ठेवून मागे सरते, बोलत नाही. तिने बाळ मांडीवर थोपटत, वर न बघता विचारलं, "अन कावेरीला काय झाल्तं मंग?"

हेडसर आबांकडे बघायला लागले.

"न्हाई, म्हंजे उपास तं तिचा बी होता," ज्योती म्हणाली.

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर हाये." मग पूजाची आई, जी गिरणीवर मला विचारत होती तीच, ती उठून उभी राहिली. तिच्या काखेत धाकटं होतं. "माझी पूजा सांगत होती, सरांनी दोन-दोन दिल्या म्हणून. मला वाटलं लेकरू चुकून बोलतं. सर, खरं हाये का?"

हेडसर म्हणाले, "तो प्रोग्रामचा भाग आहे, तुम्हाला नाही कळणार."

ते असं म्हणाले नसते तर कदाचित निभावलं असतं. बायांना ते झोंबलं. एकदम आवाज उठला. "काय कळनार न्हाई?" "आमच्या पोरी हायेत!" "उपाशी लेकरांना कशाला दिल्या?" एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, ती म्हणाली, "माझ्या बैलाला बी मी उपाशी पोटी औषध पाजत न्हाई." त्यावर दोन बाया हसल्या. हसताना पण रागातच होत्या.

आबांनी खिशातला एक मोबाइल काढला आणि घरी लावला. "प्रतीक्षाला दे." सगळे ऐकत होते. "गोळ्या किती दिल्त्या तुला?... काही खाल्लं होतं का?... मंग घेतल्या कशाला?" पलीकडून पोर काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. आबांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि हेडसरांकडे वळले. "महादेवाला तुम्ही सांगनार होते म्हणं. आधी मला सांगा."

मला इथे आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. कारण आबांना राग आला तो त्यांच्या पोरीसाठी. कावेरी तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी म्हटलं नाही, पोरी, चुकलं आमचं. आबा हेडसरांना घेऊन तावातावाने निघून गेले. मामा त्यांच्या मागून. पोर राहिली. मी तिला आत नेऊन बाळंतपणाच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं, दुसरी जागा नव्हती. माझ्या डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा दिला. तिने खाली मान घालून सगळं खाल्लं.

सिस्टर लसी देत राहिल्या. बाळं रडत राहिली. सगळ्या बाया गेल्यावर त्या हात धुवायला गेल्या आणि नळ चालू ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला परवाच बोलायला पाहिजे होतं ना, मावशी?"

मी म्हटलं, "हो."

खरं तर समजूत घालायला पाहिजे होती. पण त्या दिवशी माझ्याकडे कोणाला द्यायला समजूत शिल्लक नव्हती.

त्याचा एक फायदा झाला. संध्याकाळी सिस्टर थांबल्या. मला घेऊन अंबादासच्या घरी गेल्या. त्याने बाज टाकली, चहा सांगितला. सिस्टर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी चौदाची आहे. तिला काहीही झालेलं नाही. गोळी उपाशी पोटी दिली म्हणून उलटी झाली. हे मी हसनाबादच्या डॉक्टरसाहेबांना कळवलंय. आणि तिचं लग्न लावलं, तर ते पण मी कळवणार. पोलिसांना. मांडवात माणसं येतील."

अंबादास म्हणाला, "सिस्टर, लोक काय काय बोलून राह्यले. घर माझं हाये, नाव माझं जाऊन राह्यलं."

"लोकांना माझ्याकडे पाठवा."

मंगल मागच्या खोलीच्या दारात उभी होती. चहा तिनेच आणला आणि सिस्टरच्या हातात दिला. भावाला दिला नाही. त्याचा कप ताटातच राहिला.

बदनापूरचं स्थळ मागे पडलं. डॉक्टरसाहेब गावात आले. शाळेत पालकांना बोलावलं आणि समजावून सांगितलं, गोळीत विष नाही, पोट रिकामं होतं, दोन एकदम दिल्या, म्हणून झालं. चांगलं सांगितलं. मग हेडसर उभे राहिले आणि म्हणाले, "थोडा कम्युनिकेशन गॅप झाला." टाळ्या नाही वाजल्या. गॅप कुठे होता? सर होते, मी होते, पोरी होत्या, एका वर्गात. पोरीने विचारलं पण होतं. कावेरीचं नाव त्या सभेत कोणी घेतलं नाही. तिच्या चांगल्यासाठी घेतलं नाही, असं सगळे म्हणतात. वाईट बोलायला घेतलं तेव्हा गिरणीपर्यंत पोचलं होतं. ते परत फिरवायला मात्र कोणाला तोंड नव्हतं.

हेडसर आहेत अजून. त्यांना वरून काहीतरी विचारणा झाली, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. आता श्रावणात आमच्या शाळेत गोळी सोमवारी देत नाहीत. मंगळवारी, खिचडी झाल्यावर देतात. हे बायांनी ठरवलं. पहिल्या मंगळवारी ज्योती बाळाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली होती, तिच्याबरोबर सात-आठ जणी, आधी खिचडी वाढा म्हणून. तालुक्याच्या मीटिंगमध्ये हेडसर सांगतात की हा आमच्या शाळेचा उपक्रम आहे. सांगू द्या. पोरी जेवतात ना.

पण कावेरीने गोळी घ्यायची सोडली. वर्गात तिच्यापुढे हात केला की दात घट्ट मिटायची. जिचं रक्त सगळ्यात कमी, तिनेच. मी चिडले, पण तिच्यावर कशी चिडणार? तिला एका गोळीने काय काय दाखवलं होतं!

मग मी तिला शाळा सुटल्यावर सबसेंटरला बोलवायला लागले. गोळीचं नाव काढलं नाही. ओट्यावर बसून आम्ही भाकर खायचो. कधी मेथी, कधी नुसता ठेचा. नाजमीन पण यायची, तिच्या डब्यात काहीतरी चांगलं असायचं. असे पुष्कळ दिवस गेले. एकदा खाऊन झाल्यावर कावेरीने स्वतःहून हात पुढे केला. मी आतून गोळी आणून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बघितली. मग माझ्या दुसऱ्या मुठीकडे बघितलं.

"मावशी, एकच हाये ना?"

मी दोन्ही हात उघडून दाखवले.

तिने गिळली. मग ती पोटावर हात ठेवून बराच वेळ वाट बघत बसली. काही झालं नाही. तिने दप्तर उचललं आणि गेली. आता नववीला हसनाबादला जाते, बसने.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कितीतरी सिस्टर बदलल्या, डॉक्टर बदलले, गोळ्यांचे रंग बदलले. मी शिकले ते एवढंच. पोरीला गोळी द्यायच्या आधी ती जेवली का ते विचारावं. आणि पोरीला उलटी झाली तरी आधी तेच विचारावं.